अर्थशास्त्राची पदवी पूर्ण करताना या चुका टाळा : श्रेयांक पुरतात, तरी पदवी का अडते?

शेवटच्या सत्राच्या तोंडावर एखादा विद्यार्थी सगळी गुणपत्रके घेऊन समोर बसतो, श्रेयांकांची (क्रेडिट्सची) बेरीज त्याने स्वतः केलेली असते, ती बेरीज बरोबरही असते, आणि तरीही त्याला सांगावे लागते की या वर्षी पदवी मिळणार नाही. अर्थशास्त्र विभागात विषयनिवडीचा सल्ला देताना हा प्रसंग माझ्यावर अनेकदा आला आहे आणि दर वेळी तो तितकाच जड गेला आहे. बहुतेक वेळा असा विद्यार्थी अभ्यासात कमी पडलेला नसतो. कोणता विषय कधी घ्यायचा हे ठरवताना दोन वर्षांपूर्वी झालेली एखादी चूक आता उघडी पडलेली असते. पदवीच्या अटी म्हणजे एकेक करून खुणा करत जाण्याची यादी, असा समज असतो. अर्थशास्त्रात मात्र या अटी एकीत एक अडकवलेल्या साखळीसारख्या असतात आणि एक कडी उशिरा पडली की तिच्यापुढचे सगळे मागे सरकते.

साखळी न पाहता विषय निवडणे

तपशील विद्यापीठागणिक बदलतात, पण अर्थशास्त्राच्या पदवीचा सांगाडा जवळजवळ सगळीकडे सारखाच असतो. सुरुवातीला सूक्ष्म आणि स्थूल अर्थशास्त्राची ओळख, त्यासोबत कलन म्हणजेच कॅल्क्युलस, मग संख्याशास्त्र, त्यानंतर मध्यम पातळीचे सूक्ष्म व स्थूल सिद्धांत, पुढे अर्थमिती म्हणजे आकडेवारीवरून आर्थिक संबंध मोजण्याचे शास्त्र (इकॉनॉमेट्रिक्स), आणि या सगळ्यांवर उभे राहणारे श्रम, सार्वजनिक वित्त, आंतरराष्ट्रीय व्यापार, विकास, औद्योगिक संघटन यांसारखे प्रगत ऐच्छिक विषय. शेवटी अनेक ठिकाणी प्रबंध किंवा संशोधनप्रकल्प असतो. यांतील प्रत्येक टप्प्याला आधीच्या टप्प्याची पूर्वअट असते.

विद्यार्थी सहसा पहिल्या सत्रापासून पुढे पाहत योजना करतात. मी त्यांना शेवटच्या सत्रापासून मागे यायला सांगतो. समजा पदवी आठ सत्रांची आहे आणि प्रबंध सातव्या सत्रात सुरू होतो. प्रबंधासाठी अर्थमिती आवश्यक आहे, म्हणजे ती सहाव्या सत्राअखेर पूर्ण हवी. अर्थमिती वर्षातून एकदाच, पाचव्या सत्राच्या वेळी शिकवली जात असेल, तर संख्याशास्त्र चौथ्या सत्राअखेर झालेच पाहिजे, आणि संख्याशास्त्राला कलनाची पूर्वअट असेल तर कलन तिसऱ्याच्या पुढे ढकलता येत नाही. आता एखाद्याने तिसऱ्या सत्रात कलन अवघड वाटले म्हणून सोडले आणि चौथ्यात पुन्हा घेतले, तर संख्याशास्त्र पाचव्यात जाते, अर्थमितीची त्या वर्षीची संधी हुकते आणि पुढची संधी थेट सातव्या सत्रात येते. एका सत्राच्या विलंबाचे असे एक वर्ष होते. म्हणून विषयपत्रिकेत विषयाचे नाव आणि श्रेयांक यांच्या शेजारी तो कोणत्या सत्रात शिकवला जातो, हे आधी पाहावे.

साखळी तुटलीच असेल, तर उपाय नसतात असे नाही. पूर्वअटीचा विषय आणि पुढचा विषय एकाच सत्रात घेण्याची परवानगी काही विभाग देतात. सुट्टीतील सत्रात संख्याशास्त्र पूर्ण करता येते. गणित किंवा संख्याशास्त्र विभागातील समकक्ष विषय चालू शकतो. मात्र यांपैकी प्रत्येक गोष्टीची मंजुरी विषय घेण्यापूर्वी आणि लेखी हवी. मार्गिकेत भेटलेल्या प्राध्यापकांनी दिलेले तोंडी आश्वासन प्रामाणिक असते, पण पदवीची तपासणी करणारी व्यक्ती वेगळी असते आणि तिच्यासमोर फक्त कागद असतो.

गणित टाळत राहणे

या सगळ्या चुकांमध्ये मला सर्वांत जास्त हळहळ वाटते ती या चुकीची, कारण ती भीतीतून होते. ओळखीच्या पातळीवरील अर्थशास्त्र आलेखांवर निभावते आणि त्यात उत्तम गुण मिळालेल्या विद्यार्थ्याला वाटते की पुढेही असेच चालेल. मध्यम पातळीवर तेच प्रश्न समीकरणांत मांडले जातात.

एक लहान उदाहरण पाहा. उपभोक्त्याची उपयोगिता म्हणजे दोन वस्तूंच्या नगसंख्यांचा गुणाकार, पहिल्या वस्तूची किंमत 2, दुसरीची 5 आणि उत्पन्न 100. ओळखीच्या वर्गात अंदाजपत्रक रेषा (उत्पन्नात परवडणाऱ्या जोड्या) आणि समवृत्ती वक्र (सारखेच समाधान देणाऱ्या जोड्या) काढून दोघांचा स्पर्शबिंदू दाखवला की काम झाले. पुढच्या वर्गात लाग्रांज पद्धतीने, म्हणजे अटीखाली महत्तम मूल्य काढण्याच्या रीतीने, आंशिक विकलन (एका वेळी एकाच चलाचे विकलन) करून सीमांत उपयोगितांचे गुणोत्तर किमतींच्या गुणोत्तराबरोबर ठेवावे लागते. त्यातून दोन्ही वस्तूंवर उत्पन्नाचा निम्मा-निम्मा भाग खर्च होतो हे दिसते आणि उत्तर 25 व 10 नग असे येते. त्यासोबत लाग्रांज गुणकाचे मूल्य 5 मिळते आणि खरे अर्थशास्त्र तिथे आहे : उत्पन्न 100 वरून 101 झाले तर महत्तम उपयोगिता 250 वरून सुमारे 255 होते, म्हणजे गुणक हा उत्पन्नाच्या शेवटच्या एककाची सीमांत उपयोगिता सांगतो. ज्याला आंशिक विकलज म्हणजे काय हे ठाऊक नाही, तो हे उत्तर पाठ करतो. उपयोगितेचे फलन बदलले की त्याच्या हाती काहीच उरत नाही.

पूर्वअट म्हणून एकच कलनाचा विषय लिहिलेला असला, तरी एकापेक्षा अधिक चलांचे कलन आणि थोडे रेषीय बीजगणित पहिल्या दोन वर्षांत करून घ्यावे, असे माझे स्पष्ट मत आहे. पदव्युत्तर शिक्षणाचा विचार असेल तर पदवीची किमान अट आणि पुढच्या प्रवेशाची गरज यांत मोठे अंतर असते. वास्तव विश्लेषण (रिअल ॲनालिसिस ही गणिताची शाखा), संभाव्यता सिद्धांत यांसारखे विषय पदवीसाठी बंधनकारक नसतात, पण अर्थशास्त्रातील संशोधनाकडे जाणाऱ्यांकडून ते अपेक्षित असतात.

बेरीज बरोबर, मोजणी चूक

श्रेयांकाचा आकडा स्वतःहून काहीच सांगत नाही. 120 हाच आकडा घ्या. अमेरिकेतील सत्रपद्धतीत 120 श्रेयांक म्हणजे साधारण चार वर्षांची पूर्ण पदवी. भारतात 2022 च्या श्रेयांक आराखड्यानुसार तीन वर्षांच्या पदवीला 120 आणि चार वर्षांच्या पदवीला 160 श्रेयांक लागतात. इंग्लंडमध्ये 120 श्रेयांक म्हणजे केवळ एक वर्ष आणि ऑनर्स पदवीला 360 लागतात. युरोपीय पद्धतीत वर्षाला 60 श्रेयांक असून एका श्रेयांकामागे विद्यार्थ्याचे 25 ते 30 तासांचे एकूण काम धरले जाते. त्यामुळे संस्था बदलणाऱ्या किंवा एखादे सत्र परदेशात घालवणाऱ्या विद्यार्थ्याने आकड्यांची सरळ बेरीज करणे धोक्याचे असते. अमेरिकेतल्या अमेरिकेतही हा फरक आडवा येतो : तिमाही पद्धतीचे 3 श्रेयांक सत्रपद्धतीत 2 होतात, म्हणून तिमाहीतला 4 श्रेयांकांचा विषय रूपांतरानंतर 2.67 श्रेयांकांचा ठरतो. 3 श्रेयांकांच्या विषयाची जागा तो आशयाने भरतो, पण एकूण बेरजेत एक तृतीयांश श्रेयांकाची तूट राहते, आणि असे तीन विषय असले की पूर्ण एक श्रेयांक कमी पडतो.

दुसरी मोजणीची चूक पातळीची आहे. ऐच्छिक विषयांपैकी ठरावीक संख्येने प्रगत पातळीचे असावेत, अशी अट बहुधा असते आणि ती विषयपत्रिकेत लहान अक्षरांत, यादीच्या खाली दिलेली असते. माझ्यासमोर बसलेल्या एका विद्यार्थिनीकडे आवश्यकतेपेक्षा 4 श्रेयांक जास्त होते, परंतु पाच ऐच्छिक विषयांपैकी चार विषयांना केवळ ओळखीच्या अर्थशास्त्राची पूर्वअट होती, म्हणजे विभागाच्या दृष्टीने ते प्राथमिक पातळीचे होते. तिने ते आवडीने निवडले होते आणि त्यांत चांगले गुणही मिळवले होते. तिला आणखी दोन विषयांसाठी एक सत्र थांबावे लागले. विषयाच्या क्रमांकावरून किंवा त्याच्या पूर्वअटीवरून पातळी ओळखता येते. मध्यम पातळीच्या सिद्धांताची किंवा अर्थमितीची पूर्वअट नसलेला विषय दिसला, की तो कोणत्या रकान्यात मोजला जाईल हे विचारून घ्यावे.

एकच विषय दोन अटींसाठी मोजणे, हाही असाच सापळा आहे. अर्थशास्त्रासोबत गणित किंवा वित्त हा दुसरा मुख्य विषय घेणाऱ्यांना संख्याशास्त्र दोन्हीकडे चालेल असे वाटते. पुष्कळ ठिकाणी ते चालतेही, पण किती विषय असे सामाईक असू शकतात यावर मर्यादा असते. केवळ उत्तीर्ण-अनुत्तीर्ण असा शेरा मिळणारा पर्याय निवडला, तर तो विषय एकूण श्रेयांकांत मोजला जातो, मात्र मुख्य विषयाच्या अटींत बहुधा मोजला जात नाही. अनुत्तीर्ण विषय पुन्हा घेतला तर श्रेयांक एकदाच मिळतात, हे वेगळे सांगण्याची गरज नसावी, तरी बेरीज करताना तो दोनदा धरलेला मी पाहिला आहे.

अर्थमिती म्हणजे सॉफ्टवेअर, असे समजणे

अर्थमितीच्या विषयात उत्तीर्ण होऊनही प्रबंधात अडकणारे विद्यार्थी पुष्कळ असतात. संगणकावर प्रतिगमन (रिग्रेशन, म्हणजे एका चलाचा दुसऱ्याशी असलेला संबंध आकडेवारीवरून काढणे) चालवता येते, तक्ता मिळतो, संख्याशास्त्रीय दृष्ट्या लक्षणीय म्हणून तारांकित केलेले आकडे दिसतात. पण गुणांकाचा अर्थ विचारला की उत्तर येत नाही. शिक्षणाच्या प्रत्येक वर्षागणिक वेतन किती वाढते, हे मोजताना क्षमता, कुटुंबाची परिस्थिती यांसारखी शिक्षण आणि वेतन या दोन्हींशी निगडित चले वगळली, तर अंदाज एका बाजूला झुकतो. हा झुकाव कोणत्या दिशेला असेल हे कागदावर दोन ओळींत मांडता आले पाहिजे. ते जमत नसेल तर प्रबंध सुरू करण्याआधी संख्याशास्त्राची वही पुन्हा उघडावी. त्यात कमीपणा काही नाही.

कालश्रेणींवर, म्हणजे काळानुसार नोंदलेल्या आकडेवारीवर, काम करणाऱ्यांची चूक वेगळी असते. दोन चले काळासोबत वाढत असली की त्यांच्यात भक्कम संबंध दिसतो, निर्धारण गुणांक (आर-स्क्वेअर, प्रतिगमन आकडेवारीशी किती जुळते याचे 0 ते 1 मधील माप) 0.9 च्या वर जातो आणि विद्यार्थी आनंदतो. ग्रेंजर आणि न्यूबोल्ड या अर्थमितीतज्ज्ञांनी 1974 मध्येच दाखवून दिले होते की एकमेकांशी काहीही संबंध नसलेल्या अस्थिर (सरासरी किंवा चढउतार काळासोबत बदलत जाणाऱ्या) श्रेणींतही असे दिखाऊ प्रतिगमन सहज मिळते. म्हणून श्रेणी स्थिर आहे की नाही याची चाचणी आधी, आणि निष्कर्ष नंतर.

प्रबंध वेळेत न होण्याचे सर्वांत मोठे कारण मात्र तंत्र नसते. आधी प्रश्न ठरतो आणि त्याला लागणारी आकडेवारी उपलब्ध नाही हे सत्राच्या मध्यावर कळते. मार्गदर्शकांकडे पहिल्या भेटीला जाताना प्रश्नासोबत आकडेवारीची फाइल प्रत्यक्ष उघडून पाहिलेली असावी : निरीक्षणे किती, कोणत्या वर्षांची, हवे ते चल त्यात आहे का, रिकाम्या जागा किती. एवढ्या तपासणीने अनेक प्रश्न तिथल्या तिथे गळून पडतात आणि उरलेला प्रश्न पूर्ण होण्याजोगा असतो.

सरासरी, अपूर्ण शेरे आणि अर्ज

एकूण सरासरी आणि मुख्य विषयाची सरासरी यांच्या किमान मर्यादा वेगवेगळ्या तपासल्या जातात. भाषा आणि इतर ऐच्छिक विषयांनी एकूण सरासरी वर नेलेली असते, तेव्हा अर्थशास्त्राच्या विषयांची सरासरी मर्यादेखाली गेल्याचे लक्षातच येत नाही. ती प्रत्येक सत्रानंतर स्वतंत्र काढावी. आजारपणामुळे किंवा अन्य कारणाने ‘अपूर्ण’ असा शेरा मिळाला असेल, तर तो ठरावीक मुदतीनंतर अनुत्तीर्णमध्ये बदलू शकतो, म्हणून राहिलेले काम पुढच्या सत्राच्या सुरुवातीलाच संपवावे.

नियमांबाबत एक गोष्ट आवर्जून सांगतो. बहुतेक संस्थांत विद्यार्थ्याला त्याच्या प्रवेशाच्या वर्षी लागू असलेल्या अटी पाळाव्या लागतात, आणि संकेतस्थळावर मात्र चालू वर्षाच्या अटी दिसतात. प्रवेशाच्या वर्षाची विषयपत्रिका पहिल्याच आठवड्यात उतरवून ठेवावी आणि प्रत्येक सल्लाभेटीला तीच सोबत न्यावी. मंजुरीचे ईमेल, समकक्षतेची पत्रे आणि बाहेरून घेतलेल्या विषयांचे आराखडेही त्याच फाइलमध्ये असावेत; समकक्षता ठरवताना नावापेक्षा आराखड्यातील प्रकरणे पाहिली जातात.

शेवटच्या वर्षाच्या सुरुवातीला, म्हणजे विषय बदलण्याची मुदत संपण्यापूर्वी, विभागाकडून अधिकृत पदवी-तपासणी करून घ्यावी. त्यात एखादा रकाना रिकामा दिसला, तर तो भरण्यासाठी अजून दोन सत्रे हाती असतात. सगळे रकाने भरलेले असले, तरी पदवी आपोआप मिळत नाही. बऱ्याच ठिकाणी तिच्यासाठी स्वतंत्र अर्ज करावा लागतो आणि त्याची मुदत अंतिम परीक्षेच्या कितीतरी आधी संपते. तपासणी झाली त्याच दिवशी तो अर्ज भरावा आणि पोच घेऊन त्याच फाइलमध्ये लावावी.