धुऱ्यावरच्या शेजाऱ्याशी अबोला असंल तर तो कसा मोडायचा

आमच्या यवतमाळकडे दोन घरांत बोलणं बंद झालं की कारण बहुतेक वेळा धुराच असतो, म्हणजे दोन वावरांमधला बांध. वखर मारताना कोणाचा तरी एखादा तास (वखराची ओळ) इकडे सरकतो, मग शब्दाला शब्द लागतो आणि वर्ष वर्ष तोंड पाहणं बंद. माझं शेजारच्या वावरवाल्या काकांशी दोन वर्षं बंद होतं. त्या दोन वर्षांत रानडुकरं तुरीत शिरली तर मी एकटाच टॉर्च घेऊन पळायचो आणि काका त्यांच्या मचाणावर जागेच असायचे, पण हाक कोण मारणार. तेव्हाचं ते एकटेपण आठवलं की आजही वाईट वाटते, म्हणून लिहून राहिलो.

सगळ्यात आधी पानठेल्यावर त्या माणसाबद्दल बोलणं बंद करा. खरं असलं तरी बंद करा, कारण तिथं बोललेली गोष्ट संध्याकाळपर्यंत त्याच्या घरी पोचते आणि पोचेपर्यंत दुप्पट होते. स्टेटसवर टोमणे तर टाकूच नका. आणि घरातल्या पोराला त्यांच्या अंगणात खेळायला जाऊ द्या, बायांचं एकमेकींशी बोलणं चालू असंल तर ते तोडायला लावू नका, पुढं परत जायची वाट तिथूनच निघते.

मग पहिला शब्द. हे सगळ्यात जड जाते, पाय उचलत नाही. इथं लोक एक चूक करतात, जाऊन थेट धुऱ्याचाच विषय काढतात, नाहीतर चूक कोणाची होती हे ठरवायला बसतात. तसं करू नका, काहीतरी छोटं मागा. देण्यापेक्षा मागणं बरं, कारण दिलेलं तो नाकारू शकते पण मागायला दारात आलेल्याला आपल्याकडे सहसा कोणी नाही म्हणत नाही. मी सकाळी सकाळी गेलो, काका एकटे गोठ्यात होते (चार लोकांसमोर कधीच जाऊ नका, मग त्यालाही ताठ राहावं लागते), म्हटलं, "काका, सब्बल देता का, खुटा काढाचा आहे." काका थोडा वेळ काही बोलले नाही, मग म्हणे, "कोपऱ्यात पाह्य. सांजच्याले आणून देजो." बस एवढंच. मी सांजच्याले सब्बल धुऊन परत दिली आणि दुसरं काही न बोलता घरी आलो. त्या दिवशी तेवढंच पुरे असते, घाई केली की बिघडते.

वयानं लहान असंल त्यानंच आधी जावं, चूक कोणाचीही असो.

हिंमत होतच नसंल तर पोळ्याची वाट पाहा. पोळा फुटला की बैल घरोघरी येतात, त्यांचेही बैल तुमच्या दारात येतील, तेव्हा पाय धुवा, पूजा करा, नैवेद्य द्या आणि बोजारा (बैल घेऊन येणाऱ्याला द्यायचे पैसे) देताना हात आखडू नका. बैलाशी कोणाचंच भांडण नसते ना. ते हुकलं तर दसऱ्याला सोनं घेऊन जा आणि वाकून पाया पडा, त्या दिवशी दारातून कोणी परत पाठवत नाही.

बोलणं नीट सुरू झालं, महिना दोन महिने गेले, की मगच धुऱ्याचं काढा. मोजणी करायची असंल तर भूमी अभिलेखच्या ऑफिसात अर्ज टाकायच्या आधी स्वतः जाऊन सांगा, कारण लगतच्या शेतकऱ्याला नोटीस जातेच, आणि न सांगता नोटीस हातात पडली की पुन्हा सगळं पेटते. म्हणा, "काका, दोघं मिळून मोजू, फी अर्धी अर्धी." तरीही नाही जमलं तर कोर्टाच्या आधी तंटामुक्त समितीकडे जा, 2007 च्या 15 ऑगस्टला ही मोहीम सुरू झाली ती असल्याच भांडणांसाठी, गावातलीच माणसं असतात, दोघांचेही आजे त्यांना माहीत असतात.

मोजणीच्या दिवशी डबा जरा जास्तीचा न्या आणि दोघं एकाच झाडाखाली जेवा. हद्द कोणाकडंही सरको, खुणेचे दगड दोघांनी मिळून गाडा.