बबलवर चिप्स संपत आल्या की ऑल-इन कधी मारायचं

गणपतीच्या जागरणात तीन पत्ती खेळून मोठे झालेले आपण पोकरला आलो की पहिला घोळ ब्लाइंड या शब्दावरच होतो. तिकडे ब्लाइंड म्हणजे पत्ते न बघता खेळणं, इकडे ब्लाइंड म्हणजे पत्ते यायच्या आधीच दोघांनी सक्तीने टाकायच्या चिप्स, आणि छोट्या ऑनलाइन टुर्नामेंटमध्ये हेच ब्लाइंड दर काही मिनिटांनी वाढत जातात, त्यामुळे शेवटी शेवटी चांगल्या पत्त्यांची वाट बघत बसायला वेळच उरत नाही.

(ऑगस्ट २०२५ च्या कायद्यानंतर भारतातल्या साइट्सनी पैशाचे टेबल बंद केलेत, त्यामुळे इथे बसून खेळणाऱ्यांनी हे फुकटच्या चिप्सवर वापरा. जे परदेशात आहेत आणि जिथे चालतं, त्यांनी तिथले नियम बघून खेळा. गणित दोन्हीकडे तेच.)

मी नऊ जणांच्या एका टेबलाचंच धरून सांगतो. प्रत्येकाला १५०० चिप्स, म्हणजे टेबलावर एकूण १३,५००. बक्षीस पहिल्या तिघांना, एकूण १०० धरले तर ५०, ३० आणि २०. चौघं उरले की तो बबल, चौथ्याला भोपळा. आता तोवर ब्लाइंड २००-४०० (स्मॉल ब्लाइंड २००, बिग ब्लाइंड ४००) झाले असले तर अख्ख्या टेबलावर मिळून ३४ बिग ब्लाइंडसुद्धा नाहीत, म्हणजे एकेकाकडे सरासरी साडेआठसुद्धा नाहीत. तुम्हाला वाटतं आपणच शॉर्ट स्टॅक (हातात चिप्स कमी), पण खरं तर सगळेच शॉर्ट असतात.

त्यामुळे पहिली सवय ही लावा की स्टॅक चिप्समध्ये मोजायचाच नाही, बिग ब्लाइंडमध्ये मोजायचा. १० च्या खाली आलात की छोटा रेझ (पैज वाढवणं) करून मग कुणी ऑल-इन (सगळ्या चिप्स आत) मारलं तर फोल्ड (पत्ते टाकून देणं), हा प्रकार बंद, कारण त्यात स्टॅकचा चौथा हिस्सा असाच जातो. आपल्या आधी कुणी पॉटमध्ये (मधल्या चिप्सच्या ढिगात) आलं नसेल तर एकतर सगळं आत नाहीतर फोल्ड, मधलं काही नाही.

आणि ते सगळं आत कधी घालायचं, तर समोरच्याला फोल्ड करावंसं वाटेल एवढ्या चिप्स हातात असताना. हे नीट समजून घ्या कारण बहुतेक जण इथेच मरतात. समजा तुमच्याकडे ८ ब्लाइंड आहेत, तुम्ही बटणवरून (डीलरच्या जागेवरून, जिच्यामागे फक्त दोन ब्लाइंडवाले बोलायचे उरतात) ऑल-इन मारलं. बिग ब्लाइंडवाल्याला अजून ७ टाकायचेत आणि पॉटमध्ये आहेत साडेनऊ, म्हणजे साधारण ४२ टक्के वेळा जिंकत असेल तरच त्याचा कॉल (तेवढ्याच चिप्स टाकून सामना घेणं) बरोबर. तो विचार करेल. सगळ्यांनी फोल्ड केलं तर तुम्हाला दीड ब्लाइंड फुकट, म्हणजे स्टॅक एका हातात जवळजवळ एक पंचमांशाने वाढला. आता तेच वाट बघत बघत ३ ब्लाइंडवर आलात आणि मग मारलं तर त्याला फक्त २ टाकून साडेचार मिळतायत, ३१ टक्के पुरतात. सत्ता-दुरीसारखा भिकार हातसुद्धा एक्का-राजासमोर साधारण तीनात एकदा जिंकतो! म्हणजे चिप्सच्या हिशोबाने तो काहीही घेऊन कॉल करणार आणि त्याचं बरोबरच असणार. मी एकदा असाच एक्क्याची वाट बघत पावणेतीन ब्लाइंडवर आलो, शेवटी एक्का-राणी मिळाली, आणि नव्वी-तिरीने मला घरी पाठवलं. शिव्या घातल्या मी त्याला, पण चूक माझी होती, मारायचं होतं चार हात आधी.

कुठून मारायचं, तर मागे जितके कमी लोक उरलेत तितकं ढिलं. पहिल्यांदा बोलायची पाळी असेल तर जोड्या, मोठे एक्के, फार तर दोन चित्रं. बटण आणि स्मॉल ब्लाइंडवरून बरंच काही चालतं. दोघंच उरले आणि १० ब्लाइंड असले तर नॅशच्या चार्टप्रमाणे (किती ब्लाइंडला कुठले हात मारायचे याचा गणिती तक्ता) स्मॉल ब्लाइंडवरून कुठलाही एक्का, कुठलाही राजा, कुठलीही जोडी आत जाते, एकूण निम्म्याहून जास्त हात. आणि एक्का-तिरीला फार भुलू नका, समोरून मोठा एक्का निघाला तर तुम्ही चारात एकदाच जिंकता, उलट एकाच रंगाची सत्ता-छक्की एक्का-राजासमोर ४० टक्क्यांच्या आसपास टिकते.

आता कॉल. ऑल-इन मारणं आणि कॉल करणं ही दोन वेगळी कामं आहेत, आणि बबलवर तर जमीन-अस्मानाचा फरक. वरच्याच टेबलावर चौघांकडे सारखे ३३७५ आहेत, तुम्ही बिग ब्लाइंडला ४०० टाकलेत, दोघांनी फोल्ड केलं आणि स्मॉल ब्लाइंडने ऑल-इन मारलं. चिप्सच्या हिशोबाने तुम्हाला ४४ टक्के पुरेत. पण चिप्स म्हणजे पैसे नाहीत. आयसीएम नावाचा हिशोब लावला, म्हणजे प्रत्येकाच्या स्टॅकवरून तो पहिला-दुसरा-तिसरा यायची शक्यता काढून त्याला बक्षिसाने गुणलं, तर फोल्ड केल्यावर तुमच्या २९७५ चिप्सची किंमत १०० पैकी २३ येते. कॉल करून जिंकलात तर ६७५० चिप्स होतात, पण त्यांची किंमत ५० नाही, ३८ च्या थोडी वर. हरलात तर शून्य. २३ भागिले ३८, म्हणजे ६० टक्के लागतात. चव्वेचाळीस आणि साठ, हा जो खड्डा आहे ना, त्यातच लोकांची बक्षिसं पडतात.

समोरचा डोळे झाकून कुठलेही दोन पत्ते मारतोय असं धरलं तरी वेगळ्या रंगाचे एक्का-पंजी किंवा राणी-गुलाम ५८ टक्क्यांच्याच आसपास जातात, म्हणजे फोल्ड. तो थोडा जरी निवडून मारत असेल तर अजून घट्ट व्हायचं. मला हे पटायला वर्ष गेलं राव, एक्का हातात असताना फोल्ड करणं म्हणजे वाढलेलं ताट ढकलून उठणं वाटतं.

याच गोष्टीची दुसरी बाजू फायद्याची: समोरच्यालाही कॉल करायला तेवढेच टक्के लागतात, म्हणून जो आधी मारतो त्याची चलती. पण हे समोरच्याला कळत असेल तरच, बरं का. छोट्या टेबलांवर एखादा महाभाग असतोच जो जेवता जेवता मोबाईलवर काहीही कॉल करतो, त्याच्यावर कचऱ्याने ऑल-इन मारून गणित शिकवायला जाऊ नका, त्याच्यासाठी खरा हात ठेवा.

टेबलावर कोण कितीचा आहे हेही बघत जा. तुमच्याकडे ४ ब्लाइंड आहेत आणि दुसऱ्या कुणाकडे एकच उरलाय आणि पुढच्या हाताला त्याच्यावर बिग ब्लाइंड येतोय, तर तुम्ही गप्प बसा, चांगले हातसुद्धा टाका, तो बहुतेक आपोआप जाणार. चिप लीडर (सगळ्यात जास्त चिप्सवाला) असाल तर उलट, मधल्या दोघांवर सारखं मारा, त्यांना त्या एक-ब्लाइंडवाल्याच्या आधी बाहेर जायचं नसतं. सॅटेलाइट असेल, म्हणजे सगळ्या विजेत्यांना सारखंच तिकीट, तर कधी कधी दोन एक्केसुद्धा फोल्ड होतात, खोटं नाही सांगत.

बबल फुटला, तिघं उरले, की एवढं आवळून धरायची गरज नाही, तिसऱ्याचे २० सगळ्यांचेच झाले, आता भांडण उरलेल्या ४० चं. दोघं उरले की तर चिप्स म्हणजे सरळ पैसेच, आयसीएम विसरा.

सराव करायचा तर खेळ संपल्यावर हँड हिस्टरी (खेळलेल्या हातांची साइटवरची नोंद) काढा आणि चौघं असतानाचे हात आयसीएम कॅल्क्युलेटरमध्ये घाला, खेळ चालू असताना नको, बऱ्याच साइट्सवर त्याला बंदी असते. आधी मारलेले हात नका तपासू, कॉल केलेले तपासा, एक्का-पंजीपासून सुरुवात करा.