क्लेझमर आणि जॅझ यांचा मेळ घालताना

पूर्व युरोपातील अश्केनाझी ज्यूंच्या लग्नांत वाजत आलेले क्लेझमर आणि आधुनिक जॅझ यांचा मेळ घालताना अनेक वादक क्लेझमरची चाल उचलतात आणि तिच्याखाली जॅझमधली नेहमीची कॉर्डमाला, म्हणजे एकत्र वाजणाऱ्या स्वरसमूहांची मालिका, अंथरतात. त्यामुळे चालीचा स्वभावच हरवतो, कारण ती कॉर्डांवर नव्हे तर स्वरसप्तकावर उभी असते.

म्हणून आधी फ्रेगिश हे सप्तक पक्के करावे. त्यात रिषभ, धैवत आणि निषाद कोमल असून गंधार शुद्ध असतो. डीपासून धरल्यास डी, ई फ्लॅट, एफ शार्प, जी, ए, बी फ्लॅट, सी. जॅझमध्ये मुरलेल्या कानाला हे स्वर जी मायनरकडे ओढ घेणाऱ्या डी सेव्हन या कॉर्डचे वाटतात, पण फ्रेगिशमध्ये विसावा डीवरच असतो. पियानोवादकाने डी मेजरमध्ये सी मिसळला की ती चुकीची ओढ लगेच जाणवू लागते, म्हणून मुक्कामाच्या जागी ही कॉर्ड साधी, तीन स्वरांचीच ठेवावी. सोबतीला जी मायनर आणि सी मायनर पुरतात. शेवट ए सेव्हनवरून न करता सी मायनरवरून डीवर यावे, कारण ए सेव्हनला लागणारे सी शार्प आणि शुद्ध ई या सप्तकात नाहीतच. अमेरिकी सॅक्सोफोनवादक जॉन झोर्न यांनी १९९०च्या दशकात उभारलेल्या मसादा चौकडीत सॅक्सोफोन, ट्रम्पेट, बास आणि ड्रम एवढीच वाद्ये होती. कॉर्ड वाजवणारे वाद्य नसल्यामुळे सप्तक मोकळे राहते, आणि नव्याने सुरुवात करणाऱ्यांसाठी मला हीच रचना सर्वांत योग्य वाटते.

लयीत बुल्गार या नृत्यप्रकाराचे आठ ठोके तीन, तीन, दोन असे विभागलेले असतात. ड्रमवादकाने झांजेवर स्विंग, म्हणजे जॅझची झुलती लय, जरूर आणावा, पण बास ड्रमवर ही विभागणी स्पष्ट ठेवावी. तीन मात्रांच्या होरा या नृत्यप्रकारामध्ये दुसरी मात्रा जवळजवळ रिकामी असते. जॅझ वॉल्ट्झच्या सवयीने ती भरू नये.

सर्वाधिक वेळ मात्र क्रेख्त्ससाठी द्यावा. हुंदका दाटून स्वर क्षणभर तुटावा तसा हा अलंकार आहे आणि तो लिहून शिकता येत नाही. नाफ्तुले ब्रँडवाइन आणि डेव्ह टारस या क्लॅरिनेटवादकांची १९२०च्या दशकातील ध्वनिमुद्रणे ऐकून एकेक वाक्य वाद्यावर जसेच्या तसे उतरवावे. उत्स्फूर्त वादनाची सुरुवातही कॉर्डांच्या स्वरांपासून न करता मूळ चाल दर फेरीत थोडी बदलत करावी. चाल मनात पक्की राहिली की पुढे कितीही दूर जाता येते.

कार्यक्रमात पूर्वापार चालत आलेला क्रम उपयोगी पडतो: आधी स्थिर स्वरावर तालाविना वाजणारी दोइना, मग होरा, शेवटी बुल्गार. दोइनेत एकट्या वादकाला हवा तेवढा अवकाश मिळतो, त्यामुळे जॅझमधील लांब एकल वादन तिथेच ठेवावे आणि बुल्गारमधील फेऱ्या आखूड राखाव्यात.