संगणक वापरून इंग्रजीचा कान कसा तयार करावा

पूर्वी शब्दकोशात अर्थ सापडे, उच्चार मात्र चिन्हांवरून ताडावा लागे. कॅसेटवरचं एखादं वाक्य पुन्हा ऐकायचं तर टेप मागे घेण्यातच वेळ जाई. आता तेच वाक्य हवं तितक्या वेळा ऐकता येतं, त्याच्याशेजारी स्वतःचा आवाज ठेवून पडताळता येतो. संगणकाचा खरा उपयोग इथेच आहे. बरेच जण मात्र नुसते व्हिडिओ पाहत राहतात आणि कान आहे तिथेच राहतो.

३० ते ४० सेकंदांचा तुकडा घ्या. त्याची लिखित संहिता हवीच, तीही माणसाने तयार केलेली; आपोआप उमटणाऱ्या सबटायटल्समध्ये चुका असतात. बीबीसी लर्निंग इंग्लिशच्या बऱ्याच कार्यक्रमांना अशी संहिता असते. मजकूर न बघता तुकडा तीनदा ऐका, मग एकेक वाक्य थांबवत लिहून काढा. वेग ०.७५ च्या खाली नेऊ नका, आवाज ताणला जाऊन बोलण्याची लय हरवते.

संहितेशी ताडलं की लक्षात येईल, सुटलेले शब्द बहुधा अवघड नसतातच. ‘ऑफ’, ‘टू’, ‘हॅव’ असले बारके शब्द सुटतात, कारण बोलताना ते अर्धे गिळले जातात. आपण प्रत्येक शब्द पूर्ण उच्चारतो आणि समोरच्याकडूनही तसाच ऐकायची वाट पाहतो. वेगापेक्षा ही सवयच जास्त नडते.

आता स्वतःचा आवाज. ऑडेसिटी हे मोफत सॉफ्टवेअर घ्या. मूळ तुकडा एका ट्रॅकवर ठेवा, त्याखालच्या ट्रॅकवर स्वतःचं बोलणं रेकॉर्ड करा. हेडफोन लावा, नाहीतर मूळ आवाज माइकमध्ये शिरतो. मग एक वाक्य त्यांचं, एक आपलं, असं आलटून पालटून ऐका. लक्ष आघातावर ठेवा. ‘फोटोग्राफ’मध्ये जोर पहिल्या अवयवावर (म्हणजे एका दमात उच्चारल्या जाणाऱ्या शब्दाच्या तुकड्यावर) असतो, पण ‘फोटोग्राफर’ म्हणताना तो दुसऱ्यावर जातो आणि उच्चार ‘फटॉग्रफर’च्या जवळ येतो. मराठीत आघाताला एवढं महत्त्व नाही, म्हणून आपलं इंग्रजी सपाट ऐकू येतं. पडद्यावरच्या उंचवट्यांवर फार विसंबू नका. ते फक्त आवाजाचा मोठेपणा दाखवतात, आघातात स्वराची लांबी आणि चढही येतो.

‘वेस्ट’ (west, पश्चिम) आणि ‘व्हेस्ट’ (vest, बनियन) यांतला फरक व्हॉइस टायपिंगवर तपासता येतो. पहिल्यात ओठ गोल करायचे, दुसऱ्यात वरचे दात खालच्या ओठाला टेकवायचे. शब्द सुटा बोला. अख्खं वाक्य बोललात तर यंत्र संदर्भावरून योग्य शब्द टाकतं आणि चूक झाकली जाते. सुट्या शब्दातही त्याचा कल जास्त वापरातल्या ‘वेस्ट’कडेच असतो, म्हणून ‘व्हेस्ट’ पाच-सहा वेळा बोलून पाहा.

जी वाक्यं ऐकू आली नव्हती तेवढीच अँकीत, म्हणजे कार्डांची ठरावीक दिवसांनी उजळणी करून घेणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये घाला. कार्डाच्या पुढे फक्त आवाज, मागे मजकूर. रोज ५ नवी कार्डं पुरेत. २०-२५ घातली की काही आठवड्यांत उजळणीचा ढीग साचतो आणि लोक अँकीच सोडून देतात.

लेखनासाठी चॅटबॉट वापरायचा तर आधी स्वतः लिहा आणि “चुकीच्या जागा फक्त दाखव, दुरुस्त करू नकोस” असं सांगा. त्याने सांगितलेला नियम मात्र चांगल्या शब्दकोशातल्या उदाहरणांशी ताडून घ्या, कारण चुकीचा नियमही तो तितक्याच ठामपणे सांगतो.