लग्नघराच्या यादीत एक ओळ रुबेलाची

गड्ड्याच्या जत्रेची गर्दी ओसरली, सिद्धरामेश्वरांच्या अक्षता पडल्या, की सोलापुरात घरोघरी लग्नाच्या वह्या निघतात. बस्ता, आहेराच्या चादरी, केळवणं, वऱ्हाडाची गाडी. लसीकरणाच्या सत्रांना वर्षानुवर्षं बसलेली बाई म्हणून माझी विनंती आहे: कार्यालय ठरवण्याच्याही आधी, वहीच्या पहिल्या पानावर नवरीच्या नावापुढे लिहा, ‘रुबेलाची लस झाली आहे का?’ रुबेला म्हणजे अंगावर पुरळ आणणारा सौम्य आजार, पण गरोदरपणी झाला तर पोटातल्या बाळाला इजा करणारा.

उत्तर शोधताना आधी तिचं जन्मसाल बघा. महाराष्ट्रात गोवर-रुबेला लसीकरणाची मोठी मोहीम २७ नोव्हेंबर २०१८ ला सुरू झाली आणि नऊ महिन्यांपासून पंधरा वर्षांच्या आतल्या मुलामुलींना शाळेत, अंगणवाडीत ही लस दिली गेली. उजव्या दंडावर सुई आणि डाव्या अंगठ्यावर शाईची खूण, हे पुष्कळ मुलींना अजून आठवतं. पण २००३ संपत येण्याआधी जन्मलेल्या मुली त्या वयात बसल्याच नाहीत. त्यांच्या लहानपणी सरकारी यादीत नुसती गोवराची लस होती. तेव्हा रेशनकार्डाच्या पिशवीतले, ट्रंकेतले जुने कागद एकदा उलथेपालथे करा. कार्ड सापडलं नाही तर त्यात आठवडे घालवू नका. लस झालेली नाही असं धरा. आधी झाली असली आणि पुन्हा घेतली, तरी अपाय होत नाही.

मोठ्या मुलींना ही लस अंगणवाडीच्या सत्रात मिळत नाही. स्त्रीरोगतज्ज्ञांकडे किंवा बालरोगतज्ज्ञांकडे गोवर, गालगुंड आणि रुबेला अशी तिन्हींची एकत्र लस असते. आधी फोन करून विचारा. जाताना मुलीनं शेवटच्या पाळीची तारीख लक्षात ठेवायची, कारण लशीतला विषाणू दुबळा केलेला असला तरी जिवंत असतो. गरोदरपणात ती देत नाहीत, आणि घेतल्यावर निदान एक महिना दिवस जाऊ द्यायचे नसतात. शिवाय मोठ्या बायकांना लशीनंतर एक ते तीन आठवड्यांत सांधे दुखण्याचा त्रास कधीकधी होतो, थोडा ताप येतो. म्हणून मी लग्नाच्या दोन महिने आधीची तारीख धरायला सांगते. हळदीच्या आठवड्यात धावपळ करून घेण्याची ही गोष्ट नाही.

एवढा आग्रह का, ते सांगते. रुबेला मुळात सौम्य. बारीक ताप, कानामागे आणि मानेत गाठी, तोंडावरून सुरू होऊन अंगभर उतरणारं पुरळ, आणि तीनेक दिवसांत सगळं शांत. कितीतरी जणांना पुरळही येत नाही. एकदा सत्रात एक बाई बाळ घेऊन आली. बाळाच्या डोळ्याची बाहुली पांढरी दिसत होती, आणि थाळी वाजवली तरी ते वळत नव्हतं. खोदून विचारल्यावर आई म्हणाली, ‘दुसऱ्या महिन्यात अंगावर जरा उठलं होतं ताई, उष्णतेचं असेल म्हणून कुणी लक्ष दिलं नाही.’ सोलापूरच्या उन्हात असं कुणालाही वाटेल. त्या आईचा काही दोष नव्हता. १९४१ साली सिडनीत नॉर्मन ग्रेग या नेत्रतज्ज्ञांना मोतीबिंदू घेऊन जन्मलेल्या बाळांच्या आयांकडून हेच कळलं होतं: गरोदरपणाच्या सुरुवातीला रुबेला झालेला. पहिल्या बारा आठवड्यांत आईला हा संसर्ग झाला तर दहांपैकी नऊपर्यंत गर्भांना इजा पोचू शकते. मोतीबिंदू, बहिरेपण, हृदयातला दोष, किंवा गर्भपात. झालेली इजा परत फिरवणारं औषध नाही.

आता घरातली बाकीची माणसं. बाळ असेल तर पहिला डोस नऊ महिने पूर्ण झाल्यावर, दुसरा सोळा ते चोवीस महिन्यांत; सरकारी केंद्रात मोफत. पहिल्याबरोबर अ जीवनसत्त्वाचं औषधही पाजतात. साधी सर्दी, थोडे जुलाब यासाठी डोस पुढे ढकलू नका. विड्या वळणाऱ्या बायांचा दिवस माल पोचवण्यात जातो, तेव्हा आशाताईंकडून सत्राचा वार आधीच विचारून ठेवा. ऊसतोडीला आलेल्या कुटुंबातल्या पोराचा दुसरा डोस गावी राहिला असेल तर तो इथंही मिळतो.

घरात सून गरोदर असेल तर तिला आता लस नाही. रक्ततपासणी करायची की नाही हे डॉक्टर ठरवतील, आणि संरक्षण नसेल तर लस बाळंतपणानंतर, अंगावर पाजत असतानाही चालते. पण तिच्यामुळे घरातल्या लेकराची लस थांबवू नका. लस घेतलेल्या मुलाकडून तिला रुबेला होत नाही. ‘घरात पोटुशी आहे, बाळाला नंतर आणू,’ असं म्हणणाऱ्या सासवा मी फार पाहिल्या आहेत, आणि प्रत्येकीला हेच सांगितलं.

पाहुण्यांचं अवघड आहे. हा आजार खोकण्या-शिंकण्यातून पसरतो, आणि पुरळ दिसायच्या सात दिवस आधीपासून सात दिवस नंतरपर्यंत माणूस तो दुसऱ्याला देऊ शकतो. म्हणजे मांडवात खेळणाऱ्या कुठल्या पोराला झालाय, हे बघून कळायचंच नाही. पुरळ आलेलं लेकरू मात्र घरीच ठेवायला सांगा. दारी लिंबाचा पाला बांधत असाल तर बांधा, पण आरोग्य केंद्रात कळवा आणि सुनेला त्याच्यापासून लांब ठेवा. संपर्क आलाच असेल तर तिला त्याच दिवशी डॉक्टरांकडे न्या.

सत्राच्या दिवशी पिशवीत माता-बाल संरक्षण कार्ड, पाण्याची बाटली, बाळाला सैल बाह्यांचं झबलं. लशीची भुकटी द्रवात मिसळली, की ती कुपी चार तासांच्या आतच वापरायची असते. ती कधी उघडली हे विचारायला लाजू नका, आम्हाला राग येत नाही. टोचल्यावर अर्धा तास तिथंच बसा. ताप यायचा झाला तर आठवड्याभरानं येतो, म्हणून तो आठवडा साखरपुड्याचा नसावा. आणि घरी आल्या आल्या, चप्पल काढायच्या आत, दुसऱ्या डोसाचा महिना भिंतीवरच्या दिनदर्शिकेत लिहून टाका.