पाक चॉय कसा शिजवावा: आधी देठ, मग पान

पाक चॉय आता पुण्या-मुंबईच्या मोठ्या मंडईत आणि सुपरमार्केटात सहज दिसतो. खाली जाड, रसदार देठ, पांढरे किंवा फिकट हिरवे, आणि वर गडद हिरवी पसरट पानं. घरी आणल्यावर तो पालकासारखा बारीक चिरून झाकणाखाली शिजवला, तर पानांचा लगदा होतो आणि देठ पाणचट लागतात. भाजी मूळची चीनमधली. तिथली रीत साधी आहे: आच मोठी, वेळ थोडा, आणि देठ व पान या दोन निराळ्या भाज्या आहेत असं समजून शिजवायचं.

घेताना वीतभर किंवा त्याहून लहान गड्डे निवडा. देठ टणक हवेत, पान पिवळं नको. मधून फुलांचा दांडा वर आला असेल तर भाजी जून व्हायला लागली आहे.

धुणं आणि चिरणं

माती बुडख्याशी, देठांच्या बेचक्यात अडकलेली असते. वरून नळ सोडून ती जात नाही. बुडखा कापून देठ सुटे करा, मोठ्या पातेल्यातल्या पाण्यात पाच मिनिटं बुडवून ठेवा, मग भाजी वर उचलून घ्या. पाणी ओतलं तर तळाची माती पुन्हा भाजीवर येते. तळाशी रेती दिसेनाशी होईपर्यंत पाणी बदला.

आता पान आणि देठ वेगळे करा. देठाचे तिरके, बोटभर तुकडे. पानं मोठी असतील तर दोन भाग, नाहीतर अख्खी. दोन्ही ढीग वेगळे ठेवा आणि कापडावर पसरून कोरडे होऊ द्या. हा टप्पा टाळू नका. पाक चॉयमध्ये मुळातच सुमारे ९५ टक्के पाणी असतं. त्यात धुतल्याचं पाणी कढईत गेलं की तेल थंड पडतं आणि भाजी परतली न जाता उकडते.

लसणावर परतलेला पाक चॉय

दोन-तीन माणसांसाठी साधारण ४०० ग्रॅम भाजी, दीड मोठा चमचा तेल, ठेचलेल्या ४-५ लसूण पाकळ्या, थोडं आलं, एक लहान चमचा सोया सॉस.

लोखंडी कढई चांगली तापवा, मग तेल घाला. शेंगदाण्याचं तेल असेल तर उत्तमच. आलं-लसूण टाकून दहा-पंधरा सेकंद हलवा. लसूण लाल झाला तर कडवट लागतो. लगेच देठ घाला आणि दीड-दोन मिनिटं सतत परता. देठाच्या कडा किंचित पारदर्शक झाल्या, पण मध्ये अजून करकरीतपणा आहे, अशा वेळी पानं घाला. पानं अर्ध्या-पाऊण मिनिटात मऊ पडतात. सोया सॉस कढईच्या कडेने सोडा, चव पाहून मीठ घाला, गॅस बंद. मीठ आधी घातलं तर पाणी सुटतं, आणि सोया सॉस स्वतःच खारट असतो.

झाकण ठेवू नका. चिनी हॉटेलातली आच आपल्या शेगडीच्या कितीतरी पट मोठी असते, त्यामुळे घरी एका वेळी निम्मीच भाजी परता. हळद, गरम मसाला मात्र नकोच. या भाजीची हलकी गोडसर चव त्यात बुडून जाते.

गड्डे अगदी कोवळे असतील तर ते सुटे न करता उभे दोन भाग करा. उकळत्या पाण्यात मीठ आणि चमचाभर तेल घालून आधी देठाकडची बाजू मिनिटभर बुडवा, मग पानांसकट अर्धा मिनिट. नीट निथळून ताटात मांडा, वरून लसणाचं गरम तेल आणि सोया सॉस. चीनच्या ग्वांगडोंग प्रांतात यावर ऑयस्टर सॉस घालतात. तो कालवांपासून बनतो, तेव्हा शाकाहारी मंडळींनी मशरूमचा सॉस वापरावा. नूडल्सच्या सूपमध्ये पाक चॉय घालायचा तर शेवटच्या मिनिटाला.

खाण्याबद्दल

पाक चॉयमध्ये ऑक्झलेट, म्हणजे कॅल्शियमला बांधून ठेवणारा घटक, फार कमी असतं, म्हणून त्यातलं निम्म्याहून अधिक कॅल्शियम शरीर शोषून घेतं. दुधातलं साधारण एक तृतीयांश, तर पालकातलं जेमतेम ५ टक्के शोषलं जातं. दूध न पिणाऱ्यांसाठी ही भाजी खरोखर मोलाची आहे.

पण कच्चा पाक चॉय ढिगाने खाऊ नये. २०१० साली ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये ८८ वर्षांच्या एका महिलेची नोंद आली होती. मधुमेह आटोक्यात राहील या समजुतीने त्या कित्येक महिने रोज एक ते दीड किलो कच्चा पाक चॉय खात होत्या. थायरॉइडचं काम मंदावून त्या अत्यवस्थ झाल्या. जेवणात शिजवलेली वाटीभर भाजी ही फार वेगळी गोष्ट आहे. रक्त पातळ करणारं वॉरफेरिन घेणाऱ्यांनी मात्र कोणत्याही पालेभाजीचं प्रमाण अचानक वाढवण्याआधी डॉक्टरांना विचारावं. त्यातलं ‘के’ जीवनसत्त्व औषधाच्या परिणामात बदल करतं.

आपल्या पालेभाज्यांना हीच रीत

माठाचे जाड देठ सोलून आधी परता, पाला नंतर. पालक आणि चवळीची कोवळी पानं मोठ्या आचेवर लसणासोबत दोन-तीन मिनिटांत होतात. अळूला मात्र ही घाई अजिबात चालत नाही. त्यात कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे स्फटिक असतात, म्हणून घसा खवखवतो. अळू पूर्ण शिजवायचं आणि चिंच किंवा आमसूल घालायचं.

मुळा आणि पाक चॉय दोघेही मोहरीच्या कुळातले. म्हणून मुळ्याच्या पाल्याची पीठ पेरून करतो ती भाजी पाक चॉयचीही छान होते. गड्डे जरा जून निघाले तर हाच उपाय. मोहरी-हिंग-सुक्या मिरचीची फोडणी, आधी देठ, मग बारीक चिरलेला पाला. पाणी सुटलं की मीठ घालून भाजलेलं बेसन वरून भुरभुरायचं. ते पाणी पीठच पिऊन घेतं. इथे मात्र झाकण ठेवून दोन वाफा येऊ द्या आणि गरम भाकरीबरोबर वाढा.