पावसाळ्यापूर्वी बॉबिन लेसच्या टाचण्या तपासून घ्याव्यात

बॉबिन लेस म्हणजे हाताने विणलेली जाळीदार पट्टी; तिच्यात बॉबिनवर, म्हणजे छोट्या दांड्यांवर, गुंडाळलेले दोरे एकमेकांवरून ओलांडून आणि पीळ देऊन वीण घातली जाते व ती नीट बसेपर्यंत टाचण्या कामाखालच्या घट्ट उशीत रोवूनच ठेवाव्या लागतात. त्यामुळे साताऱ्याच्या पावसाळी हवेत काम आठवडाभर पडून राहिले, तर साध्या लोखंडी टाचण्या गंजतात आणि पांढऱ्या सुती दोऱ्यावर तांबूस ठिपके उमटतात. माझ्या एका पट्टीच्या कडेवरचे असे ठिपके तीनदा धुऊनही गेले नाहीत.

म्हणून नवी डबी आणली, की त्यातल्या 4 टाचण्या ओल्या पांढऱ्या कापडात टोचून दोन दिवस ठेवाव्यात. डाग पडला, तर ती डबी शिवणकामाला द्यावी आणि लेससाठी पितळी किंवा स्टेनलेस स्टीलच्या टाचण्या घ्याव्यात. वरच्या चकाकीवर विसंबू नये. मुलामा झिजला, की आतले लोखंड उघडे पडते.

उशीही कोरडी हवी. भुसा किंवा पेंढा उन्हात खडखडीत वाळवून इतका ठासून भरावा, की बॉबिनचा ताण पडला तरी टाचणी कलणार नाही. रविवारी एकत्र बसणाऱ्या आम्ही पाचजणी आता टाचण्या मिळूनच मागवतो, म्हणजे एकीने केलेली तपासणी सगळ्यांना पुरते.